व्हायोलिन "गातं" म्हणजे नेमकं काय करतं? एन. राजम यांच्या निमित्ताने

व्हायोलिनची मैफल असली की आलापाच्या चौथ्या-पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेतून कोणीतरी "अहाहा, काय गातंय!" म्हणतंच. दाद मनापासूनची असते, प्रश्नच नाही. पण थोडं थांबून विचार केला तर गंमत वाटते, कारण समोर आहे काय तर लाकडाची एक छोटी पोकळ पेटी, चार तारा आणि घोड्याच्या शेपटीचे केस लावलेला गज. गळा नाही, श्वास नाही, शब्द तर नाहीतच. मग गातंय म्हणजे नक्की काय होतंय? हे समजून घ्यायला हिंदुस्थानी व्हायोलिनवादक डॉ. एन. राजम यांची कारकीर्द सगळ्यात सोयीची आहे असं माझं मत, कारण वाद्यावर गळा उतरवायचा हाच त्यांचा आयुष्यभराचा उद्योग, आणि त्यासाठी आधी हातात पक्कं बसलेलं बरंच काही त्यांना सोडून द्यावं लागलं. नवीन शिकणं त्यामानाने सोपं, बसलेला हात मोडणं फार अवघड, कुठल्याही वादकाला विचारा.

आधी थोडी पार्श्वभूमी, त्याशिवाय पुढचं लागणार नाही. व्हायोलिन आपल्याकडे आलं युरोपियन लोकांबरोबर. दक्षिणेत कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुथुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षितर मद्रासकडे इंग्रजांच्या बँडमधलं हे वाद्य शिकले आणि त्यावर आपलं संगीत वाजवायला लागले, तंजावरच्या चार भावांपैकी वडिवेलू हे दुसरं नाव, त्यांना त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं होतं. म्हणजे एकोणिसाव्या शतकातच कर्नाटक संगीताने व्हायोलिन पूर्ण आपलंसं केलं, इतकं की आज तिकडे गाण्याच्या मैफलीत व्हायोलिनची साथ नसेल तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं.

उत्तरेत मात्र तसं झालं नाही. कारण साधं आहे, गायकाच्या मागे सावलीसारखं जायला इकडे सारंगी आधीपासूनच बसलेली होती, आणि नंतर हार्मोनियम आली ती तर घराघरात घुसली. जागाच रिकामी नव्हती. त्यामुळे हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला खरा मान मिळाला तो थेट विसाव्या शतकात.

राजम यांचा जन्म १९३८ चा, घरच व्हायोलिनचं. वडील ए. नारायण अय्यर हे कर्नाटक संगीतातले जाणकार, त्यांच्याकडेच अगदी लहानपणी सुरुवात झाली. थोरले भाऊ म्हणजे टी. एन. कृष्णन, दहा वर्षांनी मोठे, आणि हे कोण हे दक्षिणेत सांगावं लागत नाही, लालगुडी जयरामन आणि एम. एस. गोपालकृष्णन यांच्यासोबत कर्नाटक व्हायोलिनच्या त्रिमूर्तीत त्यांचं नाव घेतात. पुढे मुसिरी सुब्रमण्य अय्यर यांच्याकडेही राजम शिकल्या, आणि मुसिरी हे गायक, भावपूर्ण गाण्यासाठी नावाजलेले. म्हणजे मुलीचा रस्ता आखलेलाच होता, मद्रासमध्ये राहायचं, मोठ्या गायकांना साथ करायची, हळूहळू स्वतंत्र वादन करायचं. रस्ता आखलेला असला तरी गुळगुळीत नव्हता म्हणा, कारण त्या काळात मागे साथीला बाई बसलेली बऱ्याच पुरुष गायकांना चालत नसे. कोणी तोंडावर सांगायचं, कोणी कारणं काढायचं. ज्या क्षेत्रात नाव साथीतून व्हायचं तिथे हा अडसर छोटा नाही.

मग गुरू म्हणून आले गायक पंडित ओंकारनाथ ठाकूर. बनारस हिंदू विद्यापीठात १९५० मध्ये संगीताचं महाविद्यालय सुरू झालं त्याचे ते पहिले प्राचार्य. ओंकारनाथजी मूळचे गुजरातचे, पण तालीम मुंबईत, विष्णु दिगंबर पलुस्करांकडे, त्यामुळे गाणं ग्वाल्हेर घराण्याचं, आणि त्यावर त्यांचा स्वतःचा शिक्का असा की आवाजाचा चढउतार, कुजबुज, हाक, आर्जव, सगळं ते गाण्यात आणायचे. काहींना ते नाटकी वाटायचं, आजही वाटतं. पण एका व्हायोलिनवाल्या मुलीसाठी यापेक्षा अवघड गुरू शोधून सापडला नसता, कारण ज्या गोष्टी स्वरलिपीत लिहिता येत नाहीत त्यांवरच या माणसाचं गाणं उभं होतं.

आणि लक्षात घ्या, ओंकारनाथजी काही व्हायोलिन शिकवत नव्हते. ते गायचे. कुठलं बोट कुठे ठेव, गज वर ने का खाली ने, हे सांगणारं समोर कोणीच नाही. गुरू एक जागा गातो, शिष्या ती ऐकते आणि वाद्यावर कशी काढायची ते स्वतःच शोधते, नाही जमली तर परत ऐकते. त्यांच्या मैफलींत राजम यांनी मागे बसून साथही केली, आणि साथीत तर विचार करायलाही वेळ नसतो, गायकाने घेतलं की निमिषात तुमच्या तारेवर यायला हवं. राजम यांचं तंत्र घडलं ते या शोधाशोधीत.

आता मुख्य मुद्द्याकडे, तंत्राकडे. घाबरू नका, गणित फार नाहीये.

सुरुवात बसण्यापासून. पाश्चात्त्य वादक उभा किंवा खुर्चीवर, व्हायोलिन हनुवटीखाली आणि डावा हात त्याला आधार देत वर-खाली टप्प्याटप्प्याने सरकतो. आपल्याकडे मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं मागचं टोक छाती-खांद्याशी आणि पुढचं, खुंट्यांकडचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं. दोन्ही टोकं अडकली की वाद्य हलत नाही आणि डावा हात मोकळा होतो. ही सोय वाटते तेवढी किरकोळ नाही, सगळी गायकी, म्हणजे गळ्यासारखं वाजवणं, या मोकळ्या हातावर चालते. हात वाद्य धरण्यात गुंतला असेल तर तो तारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग घसरूच शकणार नाही. काही वादक तर बोटांना खोबरेल तेलाचा हलकासा हात लावतात, घसरण सुळसुळीत व्हावी म्हणून.

दुसरी गोष्ट, व्हायोलिनला पडदे नसतात. सतारीला, गिटारला असतात, म्हणजे बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी स्वर बऱ्यापैकी जागेवर येतो. इथे काळी गुळगुळीत पट्टी आणि बाकी सगळं तुमच्या कानावर. तारेची वाजणारी लांबी साधारण ३३ सेंटीमीटर. मोकळी तार सा धरली तर शुद्ध रे येतो सुमारे ३.७ सेंटीमीटरवर, कोमल ग साडेपाचवर, शुद्ध म सव्वाआठवर, पंचम ११ वर आणि वरचा सा बरोबर मध्यावर, साडेसोळावर. म्हणजे पहिलं सप्तक साडेसोळा सेंटीमीटरमध्ये पसरलंय. पुढचं सप्तक? उरलेल्याच्या निम्म्यात, सव्वाआठ सेंटीमीटरमध्ये. जसजसं वर जाल तसतसे स्वर एकमेकांच्या अंगावर येतात, तारसप्तकात दोन लगतच्या स्वरांतलं अंतर एका बोटाच्या जाडीपेक्षाही कमी होतं. एक मिलिमीटर चुकलं तरी बेसूर, आणि बेसूर झालेलं लपवायला गायकासारखा शब्दही नाही.

आता दरबारी रागाचा कोमल गंधार, म्हणजे कोमल ग घ्या, म्हणजे हे डोळ्यांसमोर येईल. दरबारीत तो गंधार नुसता लावायचा नसतो, तो संथ झुलवायचा असतो, आणि नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा तो जरा उतरलेला ठेवायचा. रे आणि ग यांच्यामध्ये तारेवर जागा किती, तर पावणेदोन-दोन सेंटीमीटर. तो सगळा झुला त्यातल्याही काही मिलिमीटरमध्ये चालतो, सावकाश, आणि दर वेळी थोडा वेगळा. हार्मोनियमवर हा गंधार वाजतच नाही, पट्टी एकतर दाबलेली किंवा सोडलेली. व्हायोलिनवर वाजतो, पण वाजवणाऱ्याला तो आधी गळ्यात माहीत असावा लागतो. म्हणूनच चांगले व्हायोलिनवादक गाणं शिकलेले असतात, आवाज चांगला असो नसो.

इथेच राजम यांच्यापुढची खरी अडचण होती. कर्नाटक संगीतात स्वर सहसा स्थिर नसतो, तो गमकाने हलता असतो, आणि तीच त्याची शान आहे. लहानपणापासून त्या हलत्या स्वरांवर तयार झालेलं बोट, त्याला आता सांगायचं की सा लाव आणि हलू नकोस, पंधरा सेकंद तिथेच थांब. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल यात काय मोठंसं, पण स्थिर स्वर हा सगळ्यात उघडा पडणारा स्वर असतो. गमकात जरा इकडेतिकडे झालेलं निभावून जातं, स्थिर षड्जात काहीही निभावत नाही. त्यात विलंबित ख्यालाची, म्हणजे अगदी संथ लयीतल्या ख्यालाची गती. बारा मात्रांचा एकतालच, पण एकेक मात्रा एवढी ताणलेली की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, संपायला पाऊण मिनिट, कधी मिनिट. तेवढी जागा भरायची, तीही घाई न करता. "कृती" म्हणजे कर्नाटक संगीतातली बांधीव रचना वाजवत आलेल्या माणसाला ही मोकळी जागा सुरुवातीला अंगावर येत असणार.

मग मींड. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण बोट नुसतं एकाच वेगाने घसरवलं तर ते ॲम्ब्युलन्सच्या सायरनसारखं ऐकू येतं, करून बघा. गायक असं कधीच करत नाही. तो पहिल्या स्वरावर जरा रेंगाळतो, मधलं अंतर पटकन कापतो, जाताजाता एखाद्या स्वराला नुसतं शिवतो आणि दुसऱ्यावर हळूच टेकतो. म्हणजे बोटाचा वेग सतत बदलायला हवा आणि त्याच वेळी उजव्या हाताने गजाचा दाब मध्ये थोडा कमी करून शेवटी पुन्हा भरायला हवा. दोन हातांची ही जुळणी जमली की ऐकणाऱ्याला "गळा" ऐकू येतो. यात डाव्या हाताचं बहुतेक काम पहिल्या दोन बोटांवर चालतं, कारण चारही बोटं आळीपाळीने टाकली की स्वर सुटे पडतात, आणि आपल्याला तर ते जोडलेले हवेत.

गजाबद्दल लोक फार कमी बोलतात. मला विचाराल तर गायकीचं खरं गुपित डाव्या हातात नाही, उजव्यात आहे. गज म्हणजे श्वास. गजाची लांबी ठरलेली, पाऊण मीटरच्या आसपास, आणि तो संपला की दिशा बदलावीच लागते. नवशिक्याची दिशा बदलताना प्रत्येक वेळी खर्र असा तुकडा पडतो, तयार वादकाची बदलते कधी तेच कळत नाही. पण कुठे कळू द्यायची आणि कुठे नाही हे ठरवणं म्हणजे गायकी. बंदिशीत शब्द असतात. समजा "पिया" हा शब्द आहे, तर "पि" ला गजाची एक छोटी ठोस सुरुवात, "या" ला एकतर नवा गज किंवा त्याच गजात थोडा दाब, आणि मग "या" मधला "आ" लांबला की गज अखंड. साधारण असं समजा की गायक जिथे नवं अक्षर उच्चारतो तिथे गजाने काहीतरी करायचं, आणि जिथे तो नुसता स्वर वाहू देतो तिथे गजाने काहीही करायचं नाही. "आ" वर घेतलेली जलद स्वरांची तान असेल तर एका गजात आठ, दहा, बारा स्वर घ्यायचे, दर स्वराला गज बदलला तर ती तान राहत नाही, ते तंतकारी वादन होतं.

तंतकारीत वाईट काही नाही बरं का. सतार-सरोदच्या वळणाने, लयीशी खेळत वाजवायचं, शेवटी "झाला", म्हणजे जलद लयीतला समारोप. आपले वि. गो. जोग घ्या, जन्म १९२२ चा, त्यांच्या वादनात हा लयीचा खट्याळपणा पुरेपूर होता आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या गाजल्या त्या काही उगाच नाही. एवढंच की तो वेगळा रस्ता आहे, आणि "व्हायोलिन गातं" हे वाक्य दोन्हीला सरसकट लावलं की दोघांवरही अन्याय होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गायकी अंगाचं व्हायोलिन राजम यांनीच पहिल्यांदा आणलं असं अधूनमधून लिहिलेलं दिसतं आणि महाराष्ट्रात हे वाचून जुनी मंडळी चिडतात. बरोबर आहे त्यांचं. गजाननबुवा जोशी (१९११ ते १९८७) हे तर मुळात गवई, ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांचं गाणं शिकलेले, आणि तोच माणूस व्हायोलिनही वाजवायचा, तर ते गायकीचं नाही तर कशाचं असणार? उल्हास कशाळकरांसारखे गायक त्यांचे शिष्य, यावरून गाण्यातला अधिकार लक्षात येईल. गोव्याचे श्रीधर पार्सेकर होते. द. के. दातार होते, २०१८ मध्ये गेले, त्यांच्या वादनावर द. वि. पलुस्करांच्या गाण्याचा स्वच्छ ठसा होता. गंमत बघा, दातारांचा धागा विष्णु दिगंबरांच्या मुलाशी आणि राजम यांचा विष्णु दिगंबरांच्या शिष्याशी, म्हणजे मुंबईत बसलेलं व्हायोलिन आणि बनारसला बसलेलं व्हायोलिन मागे जाऊन एकाच ओसरीवर पोचतात. आणि परूर सुंदरम अय्यर, एम. एस. गोपालकृष्णन यांचे वडील, हे दाक्षिणात्य व्हायोलिनवादक तर विष्णु दिगंबरांच्या काळातच मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात शिकवत होते. तेव्हा दक्षिणेचा हात आणि उत्तरेचं गाणं ही जोडी राजम यांच्याही आधीची.

मग त्यांचं वेगळेपण कशात? माझ्या मते चिकाटीने एकच गोष्ट टोकाला नेण्यात. गजाननबुवांना गाणं होतं, व्हायोलिन ही दुसरी वाट होती. राजम यांना एकच वाट, आणि त्यांनी विलंबित ख्यालापासून ठुमरी-भजनापर्यंत सगळं त्या चार तारांवर गळ्याच्या हिशेबानेच घ्यायचं ठरवलं.

करिअर म्हणून बघितलं तर आणखी एक शहाणपणाचा निर्णय दिसतो. १९५९ मध्ये त्या बनारस हिंदू विद्यापीठात शिकवायला लागल्या आणि जवळपास ४० वर्षं तिथेच होत्या, विभागप्रमुख झाल्या, अधिष्ठाता झाल्या. पगारी नोकरीमुळे कला बोथट होते असं म्हणणारे लोक असतात, बहुतेक वेळा ते स्वतः पगारावरच असतात. वस्तुस्थिती अशी की त्या काळात शास्त्रीय वादकाला, त्यातून व्हायोलिनसारख्या उत्तरेत नव्या वाद्याच्या वादकाला, मैफलींवर घर चालवणं मुश्कील होतं. रियासती गेलेल्या, राजाश्रय संपलेला. उरलं काय, आकाशवाणी, विद्यापीठं, आणि मुंबईत असाल तर सिनेमाचे ऑर्केस्ट्रा, जिथे गोव्याकडच्या चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून आलेल्या व्हायोलिनवादकांनी कितीतरी वर्षं राज्य केलं, अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. विद्यापीठाच्या नोकरीने राजम यांना हे दिलं की न आवडणारं वाजवायची वेळ आली नाही. शिवाय शिष्य मिळाले, आणि शिकवताना हाताने शोधलेलं तोंडाने सांगावं लागतं, तेव्हाच ते तंत्र म्हणून उभं राहतं, नाहीतर ते एका माणसाबरोबर संपतं.

सन्मानांचं थोडक्यात, पद्मश्री १९८४, संगीत नाटक अकादमी पुरस्कार १९९०, पद्मभूषण २००४, अकादमीची फेलोशिप २०१२.

पुढची पिढी घरातच तयार झाली. मुलगी संगीता शंकर, नाती रागिणी आणि नंदिनी, आणि आजी-मुलगी-नाती एकाच मंचावर अशा मैफलीही झाल्या. भाची कला रामनाथ आधी राजम यांच्याकडे शिकल्या आणि नंतर पंडित जसराजांकडे गेल्या, म्हणजे त्यांच्या वादनात जसराजांच्या मेवाती घराण्याचं गाणं आलं. राजम आणि कला रामनाथ यांचं एकाच रागातलं रेकॉर्डिंग मिळालं तर जरूर ऐका. बसण्याची पद्धत तीच, घराणं वेगळं झालं की गज कसा वेगळा बोलतो ते तिथे कळतं.

आणि ऐकायची सुरुवात कुठून करायची असं कोणी विचारलं तर माझा सल्ला उलटा आहे, आधी व्हायोलिन नकोच. आधी ओंकारनाथजींचं कुठलंही ध्वनिमुद्रण दोन-तीनदा ऐका, ते शब्दावर कुठे थांबतात, आवाज कुठे बारीक करतात ते कानात बसू द्या, मग राजम यांचं एखादं विलंबित लावा. लावल्यावर तान कधी येते याची वाट बघू नका, पहिली दहा मिनिटं फक्त गज कुठे बदलतोय ते पकडायचा प्रयत्न करा. व्हिडिओ असेल तर डोळे मिटून.